विद्युतचुंबकीय स्पंद आणि ठाणे-कल्याणची वीज : गैरसमज आणि वस्तुस्थिती

विद्युतचुंबकीय स्पंद, म्हणजे ईएमपी, हा विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रांचा अल्पकाळ टिकणारा पण अतिशय तीव्र झोत असतो. वातावरणाच्या वर, अवकाशात अणुस्फोट झाला तर तो शेकडो किलोमीटरच्या परिसरात पसरतो. मोठ्या सौर वादळामुळेही वीजवाहिन्यांवर त्याच्या एका भागासारखा परिणाम होतो. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत या विषयाकडे दुर्लक्ष करून चालणार नाही. बाहेरून मुंबई महानगराकडे येणाऱ्या विजेचा मोठा वाटा भिवंडी तालुक्यातील पडघा आणि ठाण्याजवळील कळवा या महापारेषणच्या उपकेंद्रांतून जातो. लोकल गाड्या, उल्हास नदीवरील पाणी उपसा केंद्रे, रुग्णालये आणि डोंबिवली एमआयडीसीतील रासायनिक कारखाने याच जाळ्यावर चालतात.

गैरसमज १ : ईएमपी ही चित्रपटांतील कल्पना आहे.
वस्तुस्थिती : त्याचे परिणाम प्रत्यक्ष नोंदले गेले आहेत. ९ जुलै १९६२ रोजी अमेरिकेने प्रशांत महासागरावर सुमारे ४०० किलोमीटर उंचीवर ‘स्टारफिश प्राइम’ हा अणुस्फोट केला. सुमारे १,४५० किलोमीटर दूर हवाईमध्ये रस्त्यांवरील काही दिवे बंद पडले आणि चोरीची सूचना देणारे भोंगे आपोआप वाजू लागले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये सोव्हिएत संघाने कझाकस्तानवर केलेल्या चाचणीत दूरध्वनीच्या लांब वाहिनीला आणि जमिनीखालच्या वीजकेबललाही फटका बसला.

गैरसमज २ : ईएमपी आला की प्रत्येक मोबाइल आणि प्रत्येक गाडी कायमची निकामी होते.
वस्तुस्थिती : या स्पंदाचे तीन भाग असतात. ई-१ हा नॅनोसेकंदांत वाढतो आणि नाजूक इलेक्ट्रॉनिक भागांना घातक ठरतो. ई-२ साधारणपणे आकाशातील विजेसारखा असतो. ई-३ मंद असतो. तो कित्येक सेकंद ते मिनिटे टिकतो आणि लांब वाहिन्यांत प्रवाह निर्माण करतो. तार जितकी लांब, तितकी जास्त ऊर्जा ती गोळा करते. म्हणून खिशातल्या, कशालाही न जोडलेल्या मोबाइलपेक्षा मैलोन्‌मैल तारांना जोडलेले उपकेंद्रातील रिले (बिघाड होताच वाहिनी तोडण्याचा आदेश देणारी साधने) आणि नियंत्रण संगणक अधिक धोक्यात असतात. अमेरिकी संसदेने नेमलेल्या ईएमपी आयोगाने मोटारी आणि ट्रक कृत्रिम स्पंदाखाली तपासले, तेव्हा बहुतेक वाहने चालू राहिली. जी थांबली, त्यांतील बहुतेक पुन्हा सुरू झाली. मात्र ती वाहने आजच्या गाड्यांइतकी इलेक्ट्रॉनिक नव्हती.

गैरसमज ३ : सौर वादळ आणि अणुस्फोटाचा स्पंद एकच.
वस्तुस्थिती : सौर वादळात ई-१ नसतो, त्यामुळे घरातील टीव्ही किंवा फोन त्याने जळत नाहीत. साम्य आहे ते ई-३शी. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र डळमळले की जमिनीत आणि लांब वाहिन्यांत मंद प्रवाह वाहू लागतो. तो मोठ्या रोहित्रात शिरतो अर्थिंगला जोडलेल्या न्यूट्रलमधून. रोहित्र पर्यायी प्रवाहासाठी बनवलेले असते. हा जवळजवळ एकदिश प्रवाह त्याच्या लोखंडी गाभ्याला संपृक्त करतो. मग गाभा घरघरू लागतो, आतील भाग तापतात आणि वाहिनीवरील व्होल्टेज खाली येते. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेकची वीजयंत्रणा अशाच वादळात सुमारे दीड मिनिटात कोसळली आणि जवळजवळ ६० लाख लोक सुमारे ९ तास अंधारात राहिले.

गैरसमज ४ : हे धोके थंड प्रदेशांचे, महाराष्ट्राला सौर वादळाची भीती नाही.
वस्तुस्थिती : चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकाजवळून जाते, त्यामुळे कॅनडाच्या तुलनेत येथे जोखीम कमी असते, पण ती शून्य नाही. सप्टेंबर १८५९च्या महावादळात मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील चुंबकमापकाने सुमारे १,६०० नॅनोटेस्ला इतकी घसरण नोंदवली. त्या वादळाची तीव्रता ठरवताना जगभरचे शास्त्रज्ञ आजही ही नोंद वापरतात. पुढे मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर हे चुंबकीय निरीक्षण १९०४ साली अलिबागला हलवण्यात आले. आज ती परंपरा नवी मुंबईतील भारतीय भूचुंबकत्व संस्था चालवते.

गैरसमज ५ : लायटनिंग अरेस्टर आहे किंवा जाळीचा पिंजरा केला, की संरक्षण झाले.
वस्तुस्थिती : आकाशातील विजेसाठी बसवलेली साधने मायक्रोसेकंदांच्या हिशोबाने आखलेली असतात, ई-१ त्याहून कितीतरी वेगाने चढतो. ई-३साठी तर ती उपयोगीच नाहीत. धातूचे कवच चालते, पण ते सलग असावे लागते. दाराच्या कडेला धातूची लवचिक पट्टी हवी, हवा येण्याच्या जागी मधमाश्यांच्या पोळ्यासारखी धातूची जाळी हवी आणि आत येणाऱ्या प्रत्येक तारेवर फिल्टर हवा. एक तार जरी फिल्टरविना आत गेली, तरी तिच्यावरून स्पंद कवचाच्या आत पोहोचतो. म्हणूनच नियंत्रणाचे संदेश तांब्याऐवजी प्रकाशीय तंतूने नेणे फायद्याचे असते.

गैरसमज ६ : १२ ऑक्टोबर २०२०चा अंधार बाहेरच्या हल्ल्यानेच झाला.
वस्तुस्थिती : त्या सकाळी दहाच्या सुमारास मुंबई, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीसह मोठ्या परिसराची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कळवा-पडघा दरम्यानच्या वाहिन्यांसह ४०० केव्हीच्या वाहिन्या एकामागून एक बंद पडल्या होत्या. बाहेरचे जाळे तुटल्यावर मुंबई स्वतंत्र बेटाप्रमाणे चालावी, अशी आयलंडिंग योजना होती. पण शहरातील वीजनिर्मिती मागणीला पुरी पडली नाही आणि ते बेटही कोसळले. सायबर हल्ल्याचा संशय व्यक्त झाला होता. मार्च २०२१मध्ये केंद्रीय ऊर्जामंत्री आर. के. सिंह यांनी कारण मानवी चूक असल्याचे सांगितले. हा ईएमपी नव्हता. पण मोजक्या वाहिन्या गेल्या तर महानगर थांबते, हे त्या दिवशी दिसले. ईएमपी याच कमकुवत जागी आघात करतो.

गैरसमज ७ : जनरेटर असला की रुग्णालय आणि पाणीपुरवठा सुरक्षित.
वस्तुस्थिती : आधुनिक डिझेल जनरेटर इलेक्ट्रॉनिक नियंत्रकावर चालतो आणि तो नियंत्रक इमारतीच्या तारांना जोडलेला असतो. नियंत्रक वाचला, तरी डिझेलचा साठा काही तासांचा किंवा फार तर काही दिवसांचा असतो आणि पेट्रोल पंपालाही वीज लागते. मोहिली, बारावे, नेतिवली यांसारख्या केंद्रांतील मोठे पंप आणि जलशुद्धीकरण दीर्घकाळ जनरेटरवर चालवणे अवघड असते. रासायनिक कारखान्यात थंड करणारे पाणी आणि ढवळणी थांबली, तर अभिक्रिया हाताबाहेर जाऊ शकते. ईएमपी माणसाच्या शरीराला थेट इजा करत नाही. जीव धोक्यात येतात ते अशा सेवा बंद पडल्याने.

गैरसमज ८ : बचाव अशक्य आहे, किंवा त्यासाठी सगळे जाळे बदलावे लागेल.
वस्तुस्थिती : सगळ्याला कवच घालण्याची गरज नसते. आधी वीजजाळ्याचा तोल सांभाळणाऱ्या भारप्रेषण केंद्राचा नियंत्रण कक्ष, प्रमुख उपकेंद्रांतील रिले कक्ष आणि त्यांची संपर्कयंत्रणा यांना संरक्षण द्यावे लागते. नवी इमारत बांधतानाच ते केले, तर जुन्या इमारतीत नंतर करण्यापेक्षा खर्च बराच कमी येतो. मोठ्या रोहित्रांच्या न्यूट्रलमध्ये प्रवाह मोजणारी आणि गरजेप्रमाणे अडवणारी साधने बसवता येतात. असे रोहित्र नव्याने तयार होऊन यायला वर्षभर किंवा त्याहून अधिक काळ लागू शकतो, म्हणून सुटे रोहित्र हाताशी असणे मोलाचे. आयलंडिंग योजना खऱ्या मागणीनुसार आखणे, भिरा, भिवपुरी, खोपोली येथील जलविद्युत केंद्रांच्या आधारे शून्यातून वीज उभी करण्याचा सराव करणे, सुटे रिले धातूच्या बंद पेट्यांत ठेवणे आणि संगणकाविना हाताने स्विचिंग करणारी माणसे तयार ठेवणे, ही कामे आजच होऊ शकतात. त्यांचा उपयोग केवळ ईएमपीपुरता नाही. पूर, वादळ, सायबर हल्ला किंवा साधा बिघाड, कोणत्याही संकटात हीच तयारी कामी येते.