कर्करोग बरा झाला, संसाराचे काय?

लग्नसराई जवळ आली की घरोघरी स्थळांची चौकशी सुरू होते. ज्या घरातला मुलगा किंवा मुलगी कर्करोगातून उठली आहे, तिथे मात्र हा विषय काढायला कोणी धजत नाही. 'जीव वाचला हेच पुष्कळ' म्हणून वडीलधारी माणसे गप्प बसतात. बावीस-तेवीस वर्षांच्या त्या पोराच्या मनात काय चालले आहे, हे कोणी विचारीत नाही. तोही लाजेपोटी डॉक्टरांना विचारीत नाही.

तरुण वयात रक्ताचा, लसिका ग्रंथींचा, हाडांचा किंवा वृषणाचा कर्करोग होऊ शकतो. वेळेवर उपचार झाले तर यातले अनेक रोगी पूर्ण बरे होतात. क्रिकेटपटू युवराजसिंग याच्यावर २०१२ मध्ये केमोथेरपी झाली. त्याच वर्षी तो मैदानावर परतला, २०१६ मध्ये त्याचे लग्न झाले आणि पुढे तो बापही झाला. म्हणजे आजारानंतर संसार होऊच शकत नाही, हा समज खरा नाही.

हा रोग लागत नाही

कर्करोग स्पर्शाने, एका ताटात जेवल्याने किंवा शरीरसंबंधाने जोडीदाराला होत नाही. गर्भाशयमुखाच्या कर्करोगास कारण ठरणारा विषाणू मात्र संबंधातून पसरतो. पण तो इतका सर्रास आढळतो, की त्यावरून कोणाच्या वागणुकीवर संशय घेणे चूक आहे. बाहेरून यंत्राने 'शेक' घेतलेल्या रोग्याच्या अंगातून किरण बाहेर पडत नाहीत. काही ठराविक उपचारांत थोडे दिवस अंतर ठेवावे लागते, ते डॉक्टर सांगतात.

उपचारापूर्वीचा एक प्रश्न

केमोथेरपीची काही औषधे आणि ओटीपोटावरील किरण यांमुळे वीर्यातील शुक्रजंतू किंवा स्त्रीची बीजे कमी होतात. काहींच्या बाबतीत मूल होण्याची क्षमता परत येत नाही. म्हणून उपचार सुरू होण्यापूर्वीच डॉक्टरांना विचारावे, 'यामुळे पुढे मूल होण्यास अडचण येईल का? त्यासाठी आधी काही करता येईल का?'

जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनासाठी गोठवलेले वीर्य द्रवरूप नायट्रोजनच्या टाकीत ठेवलेले आपण पाहतो. माणसाचे वीर्यही त्याच पद्धतीने जपता येते. त्याला एक-दोन दिवस पुरतात. मुलींची बीजेही गोठवता येतात, पण त्यासाठी साधारण दोन आठवडे इंजेक्शने घ्यावी लागतात. त्यामुळे रोगाची घाई किती आहे, हे डॉक्टरच ठरवतात. ही सोय मोठ्या शहरांत असते आणि खर्चही येतो. पण विचारलेच नाही, तर ही संधी पुन्हा मिळेलच असे नाही. एक वृषण काढावे लागले तरी दुसरे निरोगी असल्यास मूल होऊ शकते, हेही लक्षात ठेवावे.

उपचार चालू असताना

विवाहित तरुणांनी या काळात गर्भधारणा टाळावी. पाळी थांबली म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असे नाही. औषधाचा अंश काही दिवस शरीरातील स्रावांत उतरतो, म्हणूनही निरोध वापरावा. रक्तातील पेशी फार कमी झाल्या असतील तर संबंध टाळावा. इच्छा कमी होणे, थकवा, कोरडेपणा, ताठरता न येणे हे उपचाराचे परिणाम असू शकतात. त्यात कोणाचा दोष नाही. कोरडेपणासाठी पाण्यात मिसळणारे जेल मिळते. निरोधसोबत खोबरेल तेल वापरू नये, त्याने रबर फाटते. आणि जवळ बसणे, हात हातात घेणे याला कोणतेच पथ्य नाही. केस गळालेल्या बायकोला नवऱ्याची जवळीक औषधाइतकीच हवी असते.

स्थळाला सांगावे का?

सांगावे. पहिल्याच भेटीत सारे सांगायची गरज नाही, पण सुपारी फुटण्यापूर्वी मुलाने व मुलीने स्वतः एकमेकांशी बोलावे. कागदपत्रे दाखवावीत, शक्य तर दोघांनी मिळून डॉक्टरांना भेटावे. लपवलेली गोष्ट पुढे उघडी पडली तर आजारापेक्षा ती फसवणूक जास्त सलते. नकार आला तर वाईट वाटेल, पण तो लग्नाआधीच येतो. बहुतेक कर्करोग आनुवंशिक नसतात, त्यामुळे मुलांनाही तो होईल ही भीती सहसा निराधार असते. मूल कधी होऊ द्यावे, हे मात्र डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

हे बोलण्यासाठी जागा दूर नाही. शेजारच्या बार्शीतील नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात आपल्याकडचे अनेक रोगी जातात. १९८७ पासून सुरू असलेल्या तेथील कर्करोग नोंदणीत आपले परांडा आणि भूम हे तालुकेही आहेत. १९९९ मध्ये आपल्याच जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा मोठा अभ्यास सुरू झाला. त्यात ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांहून अधिक स्त्रियांचा समावेश होता. २००९ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि जगाने त्यांची दखल घेतली. खेड्यापाड्यांतल्या हजारो आया-मावशींनी तेव्हा संकोच बाजूला ठेवून तपासणी करून घेतली होती. त्यांच्याच लेकरांनी आता एक प्रश्न विचारायला लाजू नये.