डोकं दुखतंय, हे निमित्त नव्हतं

गणिताची वही उघडली की माझा नऊ वर्षांचा मुलगा म्हणायचा, "आई, डोकं दुखतंय." लक्ष देत नाही, जागेवर बसत नाही, ही शाळेची तक्रार होतीच. मी त्याला कामचुकार ठरवून रागवायचे.

एका रविवारी आवडतं कार्टून अर्धवट सोडून तो अंधाऱ्या खोलीत जाऊन पडला. मी चरकले.

इथं आदिलाबादेत उन्हाळ्यात डोकं दुखलं की आपण उन्हालाच दोष देतो. डॉक्टरांनी मात्र तपासून दोन गोष्टी सांगितल्या: मायग्रेन आणि एडीएचडी, म्हणजे लक्ष एकाग्र न होणं व अतिचंचलता. लहान मुलांत अर्धशिशी बऱ्याचदा दोन्ही बाजूंना दुखते, म्हणून ती ओळखू येत नाही. 2018 साली अनेक अभ्यास एकत्र तपासले गेले. त्यात एडीएचडी आणि मायग्रेन यांचा संबंध दिसला, तणावाच्या डोकेदुखीशी दिसला नाही. एकामुळे दुसरं होतं, असं मात्र सिद्ध झालेलं नाही. एडीएचडीच्या काही औषधांनीही डोकं दुखू शकतं.

डॉक्टरांनी एक वही ठेवायला सांगितली: कधी दुखलं, झोप किती, नाश्ता केला का, पाणी प्यायला का. महिन्याभरात कळलं, उपाशीपोटी शाळेत गेलेल्या दिवशी हमखास दुखायचं.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर रागावण्याआधी वही उघडा. मुलं सरकारी शाळेत असतील, तर 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मोफत तपासणी होते.

लेकाची मी माफी मागितली. तो म्हणाला, "आता खरं वाटतं ना तुला?"