पहिलं लिनक्स निवडताना

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला दिला जाणारा नियमित आधार थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा यंत्रणा लागते, आणि इंटेलचे आठव्या पिढीच्या आधीचे बहुतेक प्रोसेसर विंडोज ११ च्या अधिकृत यादीत नाहीत. साहजिकच दहा वर्षांपूर्वी घेतलेले, पण अजून ठणठणीत असलेले लॅपटॉप अडचणीत आले. त्यांच्यापुढे एक मोफत आणि चांगला मार्ग आहे, तो लिनक्सचा. पण त्या वाटेवर पहिल्याच पावलाला नावांचा गोंधळ भेटतो. उबुंटू, मिंट, फेडोरा, डेबियन, आर्च. जाणकारांना विचारावं, तर प्रत्येकाचं उत्तर वेगळं.

गोंधळ वाटतो तेवढा मोठा नाही. हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या तरुणाने १९९१ मध्ये लिहायला घेतला तो कर्नल, म्हणजे प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांच्याशी थेट व्यवहार करणारा गाभा. नुसत्या कर्नलचा सामान्य माणसाला काही उपयोग नाही. त्याच्याभोवती लागणारी साधनं, ब्राउझर, सेटिंग्ज, अपडेटची व्यवस्था असं सगळं जुळवून कोणीतरी तयार संच देतं, त्याला डिस्ट्रिब्युशन किंवा थोडक्यात डिस्ट्रो म्हणतात. इयन मरडॉक यांनी १९९३ मध्ये डेबियन सुरू केलं, त्याच्या पायावर २००४ मध्ये उबुंटू उभं राहिलं आणि उबुंटूच्या पायावर २००६ मध्ये लिनक्स मिंट. नावं शेकडो असली तरी घराणी मोजकीच आहेत.

डिस्ट्रो निवडताना प्रत्यक्षात ठरतो तो मुख्यतः बदलाचा वेग. उबुंटूची दीर्घ मुदतीची, म्हणजे एलटीएस आवृत्ती दर दोन वर्षांनी एप्रिलमध्ये येते आणि तिला पाच वर्षं सुरक्षा अपडेट मिळतात. मिंट याच आवृत्त्यांवर बेतलेलं आहे. फेडोराची नवी आवृत्ती साधारण सहा महिन्यांनी येते आणि प्रत्येकीला जेमतेम तेरा महिने आधार असतो. आर्चमध्ये तर आवृत्त्याच नसतात, नवं सॉफ्टवेअर सतत येत राहतं. आर्चची माहितीपानं इतकी उत्तम आहेत की इतर डिस्ट्रो वापरणारेही तीच उघडतात. तरीही नवख्याने सुरुवात तिथून करू नये. ज्याला लॅपटॉपवर काम करायचं आहे, त्याला दर आठवड्याला काय बदललं ते तपासत बसायला लावणं हा अन्याय आहे.

डोळ्यांना दिसतं आणि हाताला जाणवतं ते मात्र डेस्कटॉप: मेनू कुठे, खिडक्या कशा हलतात, फाइल कशी सापडते. नवखा माणूस लिनक्सवर टिकतो की आठवडाभरात परततो, हे बरंचसं इथे ठरतं. २०११ साली हे फार ठळकपणे दिसलं. त्या एप्रिलमध्ये ग्नोम ३ हा नव्या धाटणीचा डेस्कटॉप आला. खालची पट्टी गेली, उघड्या खिडक्यांची यादी गेली, खिडकी लहान करायचं बटणही नेहमीच्या जागी राहिलं नाही. वर्षानुवर्षांची हाताची सवय एका अपडेटमध्ये मोडली आणि अनेकजण वैतागले. खुद्द टोरव्हाल्ड्सनी जाहीर नापसंती दाखवून काही काळ एक्सएफसीई हा दुसरा डेस्कटॉप वापरला. अर्जेंटिनातल्या एका प्रोग्रामरने जुन्या ग्नोम २ चा कोड उचलून माटे हा डेस्कटॉप सुरू केला. मिंटच्या चमूने नव्या ग्नोमचाच पाया घेऊन, खाली पट्टी आणि डाव्या कोपऱ्यात मेनू असलेला सिनॅमन घडवला. एखादा बदल पटला नाही तर कोड घेऊन वेगळी वाट धरण्याची मुभा लिनक्समध्ये खरोखर वापरली जाते. आज नवख्यापुढे जे पर्याय आहेत, त्यांतले काही याच नाराजीतून आलेले आहेत.

म्हणूनच विंडोजवरून येणाऱ्याने मिंट सिनॅमनपासून सुरुवात करावी. मेनू जिथे शोधाल तिथेच सापडतो. चार जीबी रॅमवर ते चालतं. त्याहून जुन्या, मंद यंत्रावर मिंटचीच एक्सएफसीई आवृत्ती हलकी पडते. प्रत्येक गोष्ट मनासारखी बदलायची हौस असेल तर केडीई प्लाझ्मा हा डेस्कटॉप घ्यावा. स्टीम डेक या हातातल्या गेमयंत्राच्या डेस्कटॉप मोडमध्येही तोच आहे. उबुंटूचा ग्नोम आता स्थिरावला आहे, फक्त त्याची रीत वेगळी आहे आणि ती शिकायची तयारी हवी.

मात्र ज्याचं पोट श्रीलिपी, कोरलड्रॉ किंवा टॅलीवर आहे, त्याने विंडोज पुसू नये. ही सॉफ्टवेअर लिनक्सवर थेट चालत नाहीत. अशांनी दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात, किंवा लिनक्स दुसऱ्या यंत्रावर घ्यावं.

सगळ्यात मोलाची सोय म्हणजे लाइव्ह सत्र. आठ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रुफस किंवा एचर या साधनाने मिंटची आयएसओ फाइल चढवायची, लॅपटॉप सुरू होताना एफ१२ किंवा एस्केप दाबायचं (बटण कंपनीनुसार बदलतं) आणि पेन ड्राइव्ह निवडायचा. दोनेक मिनिटांत पूर्ण डेस्कटॉप समोर येतो, आणि इन्स्टॉलर चालवेपर्यंत हार्ड डिस्कला हातही लागत नाही. मग एकेक गोष्ट तपासायची. वायफाय जोडलं जातं का? आवाज येतो का? प्रकाश कमी-जास्त करणारी बटणं चालतात का? झाकण मिटून उघडल्यावर लॅपटॉप जागा होतो का? प्रिंटर सापडतो का? वायफाय रुसलं, तर चिप बहुधा ब्रॉडकॉमची निघते. तेव्हा फोन यूएसबीने जोडून त्याचं इंटरनेट घ्यावं आणि ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवावा. प्रत्यक्ष बसवण्याआधी फोटो आणि कागदपत्रांची प्रत वेगळ्या डिस्कवर हवीच. डिस्क कुलूपबंद करणारं विंडोजचं बिटलॉकर चालू असेल, तर त्याची रिकव्हरी कीही लिहून घ्यावी.

मराठीचं काय? युनिकोडमधला मजकूर जसाच्या तसा दिसतो. रेड हॅटने खुला केलेला लोहित देवनागरी फाँट बऱ्याच डिस्ट्रोंमध्ये सहज मिळतो. इनस्क्रिप्टची सवय असलेल्यांनी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये मराठीचा लेआउट जोडला की काम झालं. रोमन अक्षरांतून टाइप करणाऱ्यांना आयबस हे टायपिंगचं साधन आणि त्याला जोडलेलं एम१७एन बसवावं लागतं. तेही लाइव्ह सत्रातच बसवून, चार ओळी मराठीत टाइप करून पाहता येतं.