मदतीचा पैसा आणि त्याची पट्टी

लेखापरीक्षण हा शब्द कानावर पडला की आपल्यापैकी अनेकांना जांभई येते. ते काम कारकुनांचे, त्याच्याशी आपला काय संबंध, असे वाटते. पण लातूरच्या मोंढ्यात आडत्याने सोयाबीनची पट्टी हातात दिली की शेतकरी ती नीट वाचतो. वजन किती धरले, भाव काय लावला, हमाली-तोलाई किती कापली, हे पाहूनच ती खिशात ठेवतो. लेखापरीक्षण म्हणजे दुसरे काही नाही. करोनाच्या काळात आपल्या नावाने जो पैसा खर्च झाला, त्याची पट्टी आपण वाचली का, एवढाच आजचा प्रश्न आहे.

मार्च 2020 नंतर सरकारी खरेदीचे नियम सैल करण्यात आले. ते योग्यच होते. ऑक्सिजनसाठी तडफडणाऱ्या माणसाला ‘तीन दरपत्रके येईपर्यंत थांब’ असे सांगता येत नाही. मात्र ही सवलत उधारीसारखी असते. त्या वेळी नियम बाजूला ठेवला, याचा अर्थ नंतरचा हिशेब माफ झाला असा होत नाही.

हा पैसा एका खिशातला नव्हता. सरकारी तिजोरीतला पैसा, म्हणजे राज्य आपत्ती प्रतिसाद निधी किंवा केंद्राची आरोग्य पॅकेजे, नियंत्रक व महालेखापरीक्षक, म्हणजेच ‘कॅग’ तपासतात. त्यांचा अहवाल विधिमंडळापुढे येतो आणि तेथून लोकलेखा समितीकडे जातो. महापालिका, नगरपालिका आणि जिल्हा परिषदा यांच्यासाठी स्थानिक निधी लेखापरीक्षेची यंत्रणा आहे. तिचा कायदा 1930 सालचा. तिसरा खिसा पीएम केअर्सचा, तोही मार्च 2020 मध्ये स्थापन झालेला. हा सार्वजनिक धर्मादाय न्यास आहे, सरकारचा निधी नव्हे, अशी भूमिका केंद्राने न्यायालयात मांडली. त्याचे हिशेब कॅग नव्हे, सनदी लेखापाल तपासतात. म्हणून हिशेब विचारताना पहिला प्रश्न असा की, पैसा कोणत्या खिशातला?

खिसा ठरला, तरी पुढची वाट सरळ नसते. मुंबई महापालिकेचे उदाहरण बोलके आहे. 2022 मध्ये राज्यात सत्ताबदल झाल्यावर सरकारने कॅगला तेथील सुमारे 12,024 कोटी रुपयांच्या कामांची विशेष तपासणी करण्यास सांगितले. अहवाल मार्च 2023 मध्ये विधानसभेत मांडला गेला. पण त्यातली करोनाशी संबंधित सुमारे 3,538 कोटींची कामे तपासलीच गेली नाहीत. साथरोग कायदा आणि आपत्ती व्यवस्थापन कायदा यांचा आधार देत महापालिकेने ती कागदपत्रे दिली नाहीत. साथरोग कायदा 1897 चा, मुंबईतल्या प्लेगच्या वेळचा. तेव्हा आपले नांदेड-लातूर निजामाच्या राज्यात होते. सद्हेतूने काम करणाऱ्यावर दावा लावता येऊ नये, असे कलम त्यात आहे. ते असायलाच हवे. पण दावा लावणे वेगळे आणि वही उघडून दाखवणे वेगळे. शिवाय सरकार बदलल्यावरच तपासणी झाली, की तिच्यावर राजकारणाचा शिक्का बसतो. खर्च संपला की ठरलेल्या मुदतीत तपासणी आपोआप सुरू व्हावी, हाच त्यावर उपाय आहे.

तपासणी म्हणजे चोर पकडणे, हाही आपला एक गैरसमज. करोनाने मृत्यू झालेल्यांच्या कुटुंबांना 50 हजार रुपये देण्याच्या योजनेचे पाहा. हा पैसा राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून गेला. जानेवारी 2022 मध्ये महाराष्ट्रात नोंदलेले मृत्यू सुमारे 1 लाख 41 हजार होते आणि अर्ज 2 लाख 13 हजारांवर गेले होते. लगेच ‘खोटे अर्ज’ अशी ओरड झाली. काही खोटे असतीलही. पण चाचणीनंतर 30 दिवसांत झालेला मृत्यू, तो घरी झाला तरी, मदतीस पात्र होता. म्हणजे पूर्वी यादीत न आलेली माणसेही या अर्जांतून पुढे आली. सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2022 मध्ये महाराष्ट्र, केरळ, गुजरात आणि आंध्र प्रदेश या चार राज्यांतले 5 टक्के अर्ज तपासण्यास परवानगी दिली. अशी तपासणी खोट्याला अडवते, तशीच खऱ्या विधवेच्या अर्जावरचा संशयही पुसते.

आणखी एक प्रश्न बिलांपलीकडचा आहे. खर्च नियमाने झाला, दरही बरोबर होता. पण वस्तू कामी आली का? 2021 मध्ये औरंगाबादच्या शासकीय रुग्णालयाला मिळालेल्या व्हेंटिलेटरांच्या बिघाडाची दखल उच्च न्यायालयाच्या तेथील खंडपीठाने स्वतःहून घेतली. यंत्रे पोचल्याची नोंद आणि यंत्रे चालल्याची नोंद यांत किती अंतर असते, ते तेव्हा दिसले. जुलै 2021 मध्ये केंद्राने 23,123 कोटींचे दुसरे पॅकेज मंजूर केले. देशातल्या प्रत्येक जिल्ह्यात बालरुग्णांसाठी कक्ष उभारणे, हा त्याचा एक भाग होता. पुढे 2023 च्या सप्टेंबरअखेरीस नांदेडच्या शासकीय रुग्णालयात 24 तासांत 24 रुग्ण दगावले. त्यांत 12 नवजात बालके होती. दोन्ही गोष्टींचा थेट संबंध जोडण्याची घाई करू नये. पण आपल्या जिल्ह्यात साथीच्या पैशातून काय उभे राहिले, त्यातले आज काय चालू आहे, हे विचारण्याचा हक्क त्या बालकांच्या आईबापांना नाही तर कोणाला आहे?

असा हिशेब गावातून ठेवता येतो, हे आपल्या भागाने पाहिले आहे. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर जागतिक बँकेच्या साहाय्याने पुनर्वसन झाले, 52 गावे नव्या जागी वसली. इतर गावांत घरदुरुस्तीचा पैसा हप्त्याहप्त्याने मिळे. झालेले काम पाहून पुढचा हप्ता. महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ म्हणून घरोघरी फिरत, नियम समजावून सांगत आणि कामावर लक्ष ठेवत.

जमा, खर्च, बाकी, तपशील हे सारे शब्द अरबी-फारसीतून आले आणि मराठीच्या चोपडीत कायमचे बसले. त्यांच्यातच ‘अनामत’ हाही आहे, म्हणजे विश्वासाने सोपवलेली ठेव. मदतीचा पैसा अनामतच असतो. 2005 च्या माहिती अधिकार कायद्याने दहा रुपयांच्या अर्जावर 30 दिवसांत उत्तर मागता येते. आपल्या रुग्णालयाची साठा नोंदवही, ग्रामपंचायतीचा करोना काळातला खर्च, महापालिकेचा लेखापरीक्षण अहवाल यांपैकी एक तरी कागद मागावा. सरकारी दप्तरालाही मुदत असते. ठरलेली वर्षे संपली की कागद निकालात निघतात. साथ येऊन पाच वर्षे उलटून गेली आहेत. अर्ज करायचा, तर तो आताच करायला हवा.

(नभोवाणी भाषणावरून संपादित)