कोचीचें बंदर-स्थानक: मेलें कीं मारलें?

मनुष्य मरण पावला म्हणजे सरकारी दप्तरीं त्याची नोंद होते, मृत्यूचें कारण लिहिलें जातें, आणि कोणास संशय आला तर चौकशीही होते. रेल्वेचें स्थानक मरतें तेव्हां यांपैकीं कांहींच घडत नाहीं. एका वर्षीं एक गाडी कमी होते, दुसऱ्या वर्षीं तिकिटाची खिडकी बंद होते, तिसऱ्या वर्षीं फलाटावर गवत उगवतें. आणि मग एखाद्या अधिकाऱ्याच्या तोंडून 'तेथें प्रवासीच नाहींत' असें वाक्य बाहेर पडतें. तेंच मृत्यूचें कारण म्हणून सर्वमान्य होतें. परंतु प्रवासी गेले म्हणून गाडी गेली, कीं गाडी गेली म्हणून प्रवासी गेले, हें विचारण्याची तसदी कोणी घेत नाहीं. केरळांत कोची येथें विलिंग्डन बेटावर असलेल्या 'कोचीन हार्बर टर्मिनस' या स्थानकासंबंधानें तोच प्रश्न आज आम्ही वाचकांपुढें ठेवणार आहों.

इतक्या दूरच्या स्थानकाची चिंता महाराष्ट्रानें कां वाहावी, असें कोणी म्हणेल. कोंकण रेल्वे १९९८ मध्यें सुरू झाल्यापासून मुंबई-पुण्याच्या प्रवाशाला एर्नाकुलम पूर्वीइतकें दूर राहिलेलें नाहीं. आणि गोव्याहून गेलेली कोंकणी वस्ती तर कोचीच्या मट्टणचेरी भागांत कित्येक शतकें नांदत आहे. परंतु याहूनही मोठें कारण असें कीं, असेंच एक स्थानक आमच्या मुंबईनें कायमचें गमावलें आहे. ज्याचें घर जळालें त्यानें शेजाऱ्यास वेळेवर हांक मारावी, यांत गैर तें काय?

प्रथम या बेटाची हकीकत पाहूं. हें बेट मुख्यत्वें माणसाच्या हातचें आहे. कोचीच्या खाडीच्या मुखाशीं वाळू व खडक यांचा एक कठीण बांध आडवा पसरलेला होता. त्यामुळें मोठ्या जहाजांना बाहेर भर समुद्रांत नांगर टाकावा लागे, आणि माल होड्यांतून किनाऱ्यास आणावा लागे. १९२० सालीं रॉबर्ट ब्रिस्टो हा इंग्रज अभियंता येथें आला. त्यानें तो बांध यंत्रांनीं उकरून जहाजांना आंत येण्यास वाट करून दिली. उपसलेला गाळ वायां न घालवितां वेंडुरुती नांवाच्या लहानशा बेटाला जोडून त्याची भर घातली, आणि नवी भूमि निर्माण केली. मद्रासचे गव्हर्नर लॉर्ड विलिंग्डन यांचें नांव तिला मिळालें. १९३६ मध्यें कोचीस मोठ्या बंदराचा दर्जा प्राप्त झाला.

येथें एक गोष्ट विशेष ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. त्या काळीं हा किनारा एका सत्तेखालीं नव्हता. फोर्ट कोची इंग्रजांच्या मद्रास इलाख्यांत, एर्नाकुलम कोची संस्थानांत, आणि लगतचा पुष्कळसा मुलूख त्रावणकोर संस्थानांत, अशी वांटणी होती. प्रत्येकाचा खजिना निराळा आणि हितसंबंधही निराळे. असें असतांही या तिघांनीं करार करून बंदराचें काम पुढें नेलें. या गोष्टीचें स्मरण वाचकांनीं लेखाच्या शेवटापर्यंत ठेवावें.

रेल्वेची कथाही अशीच उद्बोधक आहे. शोरणूरहून एर्नाकुलमपर्यंत १९०२ मध्यें रेल्वे आली ती कोची संस्थानच्या खर्चानें. त्यासाठीं महाराज रामवर्मा यांनीं तृप्पूणित्तुरा येथील देवळाच्या हत्तींचे कपाळावरील सोन्याचे साज विकले, असें तेथील लोक आजही अभिमानानें सांगतात. पुढें हा मार्ग रुंदमापी झाला, वेंडुरुतीच्या पुलावरून रूळ बेटावर गेले, आणि १९४३ मध्यें, दुसऱ्या महायुद्धाच्या ऐन धामधुमींत, बंदराचें हें स्थानक सुरू झालें. जहाजांतून उतरलेला माल आणि मनुष्य यांना देशाच्या अंतर्भागाकडे नेणारी गाडी धक्क्याजवळच मिळूं लागली. १९४७ पासून कोचींत चहाचे लिलाव भरूं लागले, आणि बेटावर वखारींची गर्दी झाली. बंगलोरच्या गाडीस 'आयलंड एक्सप्रेस' हें नांव पडलें तेंही याच बेटावरून. ती गाडी आज कन्याकुमारी व बंगळुरू यांच्यामध्यें धांवते. बेटाचें नांव तिच्या पाटीवर अद्याप कायम आहे. बेटावर मात्र ती जात नाहीं! नांव ठेवून वस्तु टाकून द्यावयाची, या आमच्या राष्ट्रीय संवयीचें याहून बोलकें उदाहरण सांपडणें कठीण.

आतां ऱ्हासाचीं कारणें. त्यांपैकीं सर्वच कांहीं मनुष्याच्या हलगर्जीपणाचीं नाहींत, हें प्रामाणिकपणें कबूल केलें पाहिजे. पहिलें कारण भूगोलाचें. रुंदमापी मार्ग जोंपर्यंत कोचीसच संपत होता, तोंपर्यंत गाडीनें बंदरावर जाऊन थांबणें स्वाभाविक होतें. १९७६ मध्यें एर्नाकुलमपासून त्रिवेंद्रमपर्यंतचा मार्ग रुंदमापी झाला आणि गाड्या थेट दक्षिणेकडे जाऊं लागल्या. त्याबरोबर बंदराचें स्थानक वाटेवरचें न राहतां आडवाटेचें टोंक बनलें. दुसरें कारण विमानांचें. पूर्वीं कोचीचीं नागरी विमानें या बेटावरील नौदलाच्या तळावरूनच जात-येत. १९९९ मध्यें नेडुंबाश्शेरी येथें नवा विमानतळ झाला, आणि ती वर्दळ तिकडे गेली. तिसरें कारण व्यापाराचें. २०११ मध्यें समोरच्या वल्लारपाडम बेटावर कंटेनरांचें मोठें केंद्र उघडलें. त्यासाठीं एडप्पळ्ळीहून साडेचार किलोमीटरांहून अधिक लांबीच्या पुलासह स्वतंत्र रेल्वेमार्ग बांधण्यांत आला. विलिंग्डन बेटावरचे कंटेनर तिकडे गेले. या शतकाच्या पहिल्या दशकांतच बेटावरची नियमित प्रवासी वाहतूक थांबली होती.

हीं कारणें खरीं आहेत. परंतु त्यांवरून स्थानकाचें पूर्वींचें काम संपलें, एवढेंच सिद्ध होतें. त्याला नवें काम देतां येणार नाहीं, असें सिद्ध होत नाहीं. जहाज आणि रेल्वे यांची सांगड तुटली, तेव्हां दुसरी सांगड घालणें हें कारभाऱ्यांचें कर्तव्य होतें. तें कसें पार पडलें, हें २०१८ च्या प्रयोगावरून दिसून येतें. त्या वर्षींच्या सप्टेंबरांत एर्नाकुलम जंक्शनपासून या स्थानकापर्यंत डिझेलवर चालणारी एक लहान प्रवासी गाडी सुरू करण्यांत आली, आणि प्रवासी मिळत नाहींत म्हणून थोड्याच आठवड्यांत ती बंदही झाली. लोकांची प्रवासाची संवय काय आठवड्यांनीं बदलते? नवें दुकान घालणारा वाणीसुद्धां एक दिवाळी तरी वाट पाहतो. शिवाय फोर्ट कोची किंवा मट्टणचेरी गांठावयाची तर बेटावर उतरल्यावर पुढें पाणी ओलांडावें लागतें, आणि आजची जलमेट्रो त्या वेळीं अस्तित्वांतही नव्हती. ज्या गाडीला पुढची वाट नाहीं, तिच्यांत लोक बसले नाहींत, यांत लोकांचा दोष कोणता? ही स्थानकाची परीक्षा नव्हती. पेपर हातीं देऊन घंटा वाजण्यापूर्वींच तो हिसकावून घेण्याचा हा प्रकार होता.

आपल्या देशांत बंदरावरच्या स्थानकांचा शेवट कसा होतो, याचीं दोन उदाहरणें डोळ्यांपुढें आहेत. धनुष्कोडीचें स्थानक १९६४ च्या डिसेंबरांत भयंकर वादळानें व लाटांनीं उद्ध्वस्त केलें. तेथें दोष निसर्गाचा होता. मुंबईचें उदाहरण निराळें आहे. बॅलार्ड पिअरच्या धक्क्यावर 'मोल स्टेशन' नांवाचें स्थानक होतें. विलायतेची टपाल-आगबोट लागली कीं उतारू तेथेंच गाडींत बसत. १९२८ मध्यें सुरू झालेली पेशावरची फ्रंटियर मेल आगबोटीच्या उतारूंसाठीं याच धक्क्यावरून सुटत असे. आज तें स्थानक नाहीं. त्याच बॅलार्ड पिअरवर २०२५ मध्यें प्रवासी जहाजांसाठीं नवें भव्य टर्मिनल खुलें झालें. परंतु जहाजांतून उतरून धक्क्यावरच गाडींत बसण्याची जी सोय मुंबईला शंभर वर्षांपूर्वीं सुचली होती, ती आजच्या मुंबईला देतां येत नाहीं. एकदां रूळ उखडले आणि जागा दुसऱ्या कामीं लागली, कीं पश्चात्तापाखेरीज हातीं कांहीं उरत नाहीं.

कोचीचें स्थानक समुद्रानें नेलेलें नाहीं, आणि नगरानेंही अद्याप गिळलेलें नाहीं. एवढेंच नव्हे, तर परिस्थिति त्याला पूर्वींपेक्षां अनुकूल झाली आहे. २०२१ मध्यें बेटाच्या एर्नाकुलम धक्क्यावर 'सागरिका' हें प्रवासी जहाजांचें टर्मिनल झालें. २०२३ मध्यें कोचीची जलमेट्रो सुरू झाली, आणि २०२५ मध्यें मट्टणचेरी व विलिंग्डन बेट येथें तिचे धक्के उघडले. पुढची वाट आतां तयार आहे. मागची मात्र बंद आहे. याला दैव देतें आणि कर्म नेतें असें म्हणावें, नाहीं तर काय?

यावर आक्षेप घेण्यांत येतो कीं, मेलेल्या स्थानकावर लोकांचा पैसा कां उधळावा? आक्षेप योग्य आहे, आणि त्याचें उत्तर भावनेनें देऊं नये. जुनें तें सारें राखावें, असें आमचें म्हणणें नाहीं. आमचें म्हणणें इतकेंच कीं, निवाडा देण्यापूर्वीं योग्य चौकशी व्हावी. त्यासाठीं चार गोष्टी आवश्यक आहेत.

पहिली ही कीं, गाडी व होडी यांच्या वेळा एकाच पत्रकांत छापल्या जाव्यात, आणि शक्य तर तिकीटही एकच असावें. दुसरी ही कीं, एर्नाकुलम जंक्शनवरचा भार सर्वविदित आहे. तेथें संपणाऱ्या गाड्यांपैकीं कांहीं बेटापर्यंत न्याव्यात, म्हणजे तेथील फलाट मोकळे होतील आणि येथील रुळांना काम मिळेल. तिसरी ही कीं, प्रयोगाची मुदत निदान दोन वर्षांची असावी, आणि दर महिन्याचे उतारूंचे आंकडे जाहीर व्हावेत. चौथी सर्वांत महत्त्वाची. हें स्थानक केवळ जहाजांतून येणाऱ्या धनिक पाहुण्यांचा देखावा होऊं नये. बेटावर रोज कामास येणारा बंदराचा कामगार, वखारींतला हमाल, कचेरींतला कारकून, नौदलाच्या तळावरचा कारागीर यांना परवडेल असें भाडें आणि सोयीची वेळ नसेल, तर रंगरंगोटी केलेल्या फलाटाचा उपयोग छायाचित्रें काढण्यापलीकडे होणार नाहीं.

एवढें करूनही लोक आले नाहींत, तर खुशाल स्थानक बंद करावें. परंतु तेंही उघडपणें, कारणें सांगून. आणि मग इमारत कुजत ठेवूं नये. इंग्लंडांत फोकस्टन बंदराचें स्थानक रेल्वेस नकोसें झालें. पहिल्या महायुद्धांत ज्या मार्गानें असंख्य सैनिक रणभूमीकडे गेले, तो मार्ग २०१४ मध्यें कायदेशीररीत्या बंद झाला. तथापि तेथील लोकांनीं फलाट व छपरें दुरुस्त करून २०१८ मध्यें त्यांतून सर्वांसाठीं फिरण्याची वाट केली. गाडी गेली तरी जागा लोकांची राहिली. कोचींत बंदराच्या, रेल्वेच्या आणि तीं उभारणाऱ्या मजुरांच्या इतिहासाचें संग्रहालय याच इमारतींत कां असूं नये?

खरी अडचण पैशाची नाहीं. रेल्वे एका खात्याची, जमीन व धक्के बंदराचे, जलमेट्रो तिसऱ्याची, आणि शेजारीं नौदल. जो तो दुसऱ्याकडे बोट दाखवितो. असा हा बारभाईंचा कारभार आहे. वाचकांनीं आतां मागें सांगितलेली गोष्ट आठवावी. परकी सत्ता आणि दोन संस्थानें, ज्यांचे खजिने निरनिराळे, त्यांना एका बेटासाठीं एकत्र बसतां आलें. आज देश एक, ध्वज एक, खजिना लोकांचा. आणि तरीही तीन-चार कचेऱ्यांना एक वेळापत्रक जुळवितां येत नाहीं. स्वराज्यांत जबाबदारी वांटली जाते ती कामें लवकर व्हावीं म्हणून, टाळतां यावीं म्हणून नव्हे.

आमच्या मतें कोचीचें बंदर-स्थानक मेलेलें नाहीं. त्याला उपाशी ठेवण्यांत आलें आहे. उपाशी ठेवलेल्याला भूकच नाहीं, असा निवाडा देणारा वैद्य आणि 'प्रवासीच नाहींत' म्हणणारा अधिकारी हे सारखेच. ज्यांच्या पूर्वजांनीं देवाच्या हत्तींचे साज मोडून गांवांत रूळ आणले, त्या कोचीच्या नागरिकांनीं या निवाड्यावर स्वस्थ बसूं नये. आणि मोल स्टेशन गमावून बसलेल्या मुंबईकरांनींही त्यांच्या हांकेला ओ द्यावी.