ट्रॉलीचा ब्रेक लाइट कुठे अडतो?

हडपसरच्या गाडीतळावर सोलापूर रस्ता आणि सासवड रस्ता वेगळे होतात. आषाढीच्या वारीत तुकोबांची पालखी इथून लोणी काळभोरकडे वळते, माउलींची दिवे घाटाकडे. एरवी सोलापूर रस्त्यावर राज्य असतं ते कंटेनरच्या ट्रेलरांचं आणि लोणीच्या तेल डेपोंतून निघालेल्या टँकरचं. पुढे दौंडच्या बाजूला गाळप हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टरही भेटतात.

यातल्या कुठल्याही गाडीचा मागचा दिवा गेला, की मागून येणाऱ्याला अंधारात ती शेवटच्या क्षणी दिसते. म्हणूनच १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांत सूर्यास्तानंतर अर्ध्या तासापासून दिवे लावणं बंधनकारक आहे. बल्ब कोणीही बदलतो. बिघाड नेमका कुठे आहे हे ठरवायला मात्र वायरमन लागतो.

शोधाची सुरुवात गाडी आणि ट्रॉली जोडणाऱ्या सात पिनांच्या सॉकेटपासून होते. १२ व्होल्टच्या प्रमाणित मांडणीत १ नंबरला डावा इंडिकेटर, ४ ला उजवा, ५ आणि ७ ला टेल लॅम्प, ६ ला ब्रेक आणि ३ ला अर्थिंग. पण गावोगावी दुरुस्त झालेल्या ट्रॉलीत वायरचे रंग आणि पिना यांचा मेळ राहिलेला नसतो. म्हणून जाणता कारागीर रंगावर विसंबत नाही, एकेक पिन तपासतो.

सगळ्यात जास्त चकवते ती अर्थिंग. ब्रेक दाबला की टेल लॅम्प मिणमिणतो, इंडिकेटर दिला की भलताच दिवा लुकलुकतो. दोन फिलामेंटच्या बल्बमध्ये ब्रेकची २१ वॅटची तार आणि टेलची ५ वॅटची तार एकाच अर्थिंगवर असतात. ही अर्थिंग तुटली की करंट टेलच्या तारेतून उलटा शिरतो आणि दुसऱ्या दिव्यातून वाट काढतो.

काही ट्रॉल्यांना तर अर्थिंगची वेगळी वायरच नसते. करंट हुकातून आणि ड्रॉबारच्या पिनेतून परततो. तिथे ग्रीस आणि गंज साचला की खड्ड्यागणिक दिवा लागतो, विझतो. अशा वेळी ट्रॅक्टरच्या चॅसीपासून दिव्यापर्यंत स्वतंत्र वायर ओढणं हाच पक्का उपाय.

शोधाचं हत्यारही महत्त्वाचं. जाड वायरच्या आतल्या बहुतेक तारा तुटून एखादीच उरली, तरी मल्टिमीटर १२ व्होल्ट दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ घेतच नाही. २१ वॅटच्या बल्बचा टेस्ट लॅम्प मात्र पावणेदोन अँपिअर मागतो आणि कमजोर वायर लगेच उघडी पडते. मीटर वापरायचाच, तर दिवा लावून ठेवून एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं दिव्याच्या बॉडीला लावायचं. अर्ध्या व्होल्टहून जास्त आकडा आला, तर परतीच्या मार्गात कुठेतरी गंज किंवा लूज जोड आहे.

बल्ब घेतानाही व्होल्टेज पाहावं लागतं. ट्रॅक्टर १२ व्होल्टचे, मोठे ट्रेलर २४ चे. १२ चा बल्ब २४ वर लावताक्षणी जळतो. उलट केलं तर नुसता पिवळट उजेड पडतो.

गाडी सोडण्यापूर्वी टेल, ब्रेक आणि इंडिकेटर एकदमच लावून बघतात, कारण सगळा भार एकत्र आला की कच्ची अर्थिंग उघडी पडते. मग ट्रॅक्टर दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून सॉकेटची वायर ताणली जात नाही ना, हे तपासतात. ऊस वाहणाऱ्या ट्रॉलीत आणखी एक गोष्ट बघावी लागते: मागे लोंबणाऱ्या मोळ्यांनी दिवा झाकला जात असेल, तर तो दिसेल अशा जागी हलवायचा आणि मागच्या फळीवर लाल रिफ्लेक्टर टेप लावायची.