शाळेची वाट निर्भय व्हावी

पाठाची तयारी कितीही उत्तम असली, तरी तो ऐकावयास मूल सुखरूप पोहोचले पाहिजे. म्हणून शाळेची वाट हाही शिक्षणाचाच विषय होय.

या बाबतीत नेदरलँड्सचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९७१ साली रस्त्यांवरील अपघातांत सुमारे ३,३०० माणसे दगावली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. पालक रस्त्यावर उतरले व १९७२ मध्ये ‘बालहत्या थांबवा’ ही चळवळ सुरू झाली. १९७३ च्या तेलटंचाईने मोटारींवरील परावलंबन उघड केले. पुढे वस्त्यांतील मोटारींचा वेग आवरण्यात आला, सायकलींसाठी स्वतंत्र मार्ग झाले आणि रेल्वे स्थानकांवर सायकली ठेवण्याची सोय झाली. आज तेथील प्राथमिक शाळांतून मुले वाहतुकीची परीक्षा देतात. तीत रस्त्यावर सायकल चालवून दाखवावी लागते.

आपल्याकडेही मुले पायी, सायकलने व एस.टी.ने शाळेत येतात. त्यांना ‘जपून जा’ एवढेच सांगणे पुरेसे नाही. वाहनाचा वेग दुप्पट झाला की त्याच्या आघातातील ऊर्जा चौपट होते. आणि लहान मुलास त्या वेगाचा अंदाज नीट करता येत नाही. तेव्हा दोष मुलाच्या माथी मारण्यापूर्वी रस्ता तपासला पाहिजे.

शिक्षकांनी मुलांकडून शाळेच्या वाटेचा नकाशा काढून घ्यावा. वळणे, रस्ता ओलांडण्याच्या जागा व एस.टी.चा थांबा त्यात दाखवावा. जेथे मुलांस भय वाटते, तेथे तांबडी खूण करावी. तो नकाशा ग्रामसभेपुढे ठेवावा आणि वर्षअखेर किती खुणा पुसता आल्या, हे मुलांसमवेत पाहावे.